‘दे’ काढला तं काय उरते?

ती. देवमनमामांना राजापेठेतून किशोरचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, कारण जवळ यायची सध्या हिंमत नाही). गुडघा, बीपी आणि राग कसा आहे? पहिले दोन बरे असतील अशी आशा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाडा.

मामा, तुमच्या एकसष्टीला अकोल्याच्या भरल्या हॉलमध्ये माझ्या आरतीनं जे केलं, त्याचा दोष तिचा नाही. पोरगी पहिलीत. पुस्तक घडाघडा म्हणायची, आम्ही खुश. एक दिवस पाहतो तर पुस्तक उलटं धरलेलं आणि धडा सुरूच! सगळं नुसतं पाठ. वाचता एक शब्द येत नव्हता. मग मी (मराठीत काठावर पास झालेला माणूस) शिकवायला बसलो. क ला काना का, ख ला काना खा, असा ओरडलो की शेजारच्या टेलरनं मशीन बंद केली. पोरगी दिवाणाखाली शिरली. शाळेचं नाव काढलं की तिचं पोट दुखायला लागलं. "बाबा, मी ढ आहो का?" असं तिनं दिवाणाखालूनच विचारलं, तेव्हा मी पुस्तक मिटलं.

शाळेत गेलो तर भावना मॅडमनी मलाच झापलं. "डोळ्याले अक्षर दाखवायच्या आधी कानाले आवाज ऐकू द्या. शब्दाचे तुकडे होतात, हेच तिले अजून मालूम नाही. घरी खेळा तिच्यासंगं." खेळ काय, तर टाळ्या वाजवत शब्द तोडायचा: कि-रा-णा. ते जमलं की पहिला तुकडा काढून काय उरतं ते सांगायचं, मग पुन्हा जोडायचं. घरात नुसता धुडगूस! कपाटातला क गेला, पाट उरला. किशोरमधला कि गेला, शोर उरला. तुमची भाचेसून प्राजक्ता म्हणाली, "आता कुठं तुमचं खरं नाव सापडलं."

आणि अशात तुमची एकसष्टी आली. निवेदकानं नातवंडांना दोन शब्द बोलायला बोलावलं, आरतीनं माईक धरला. "देवमन आबाजीच्या नावातला 'दे' काढला तं काय उरते?" लोकांना वाटलं कविता आहे. अख्खा हॉल प्रेमानं ओरडला, "काय?"

"वमन!"

निम्म्या लोकांना अर्थ माहीत नव्हता, निभावलं असतं. पण तुमचे वैद्य व्याही! त्यांनी उभं राहून समजावलं की वमन म्हणजे औषध देऊन करवलेली ओकारी, पित्तावर फार चांगली. नेमकी तेव्हाच पंगतीत बासुंदी फिरत होती. सावरायला मी माईक घेतला आणि म्हणालो, "अख्खा 'देव' काढून पाहा, 'मन' उरते!" टाळ्या पडल्या, पण तुम्ही फेटा उतरवून "माह्यातला देवच काढला का बे?" म्हणत, न जेवता खोलीत गेलात.

मामा, तिनं टिंगल नाही केली. जे आवडतात त्यांच्याच नावाशी ती खेळते. (वलगावच्या खुशालरावकाकांचं नाव अजून अखंड आहे.)

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला नाक लावून बसली होती. "आबाजी माह्यामुळं जेवले नाही?" तेवढ्यात रस्त्यावरची पाटी दिसली. तिनं काचेवर बोट ठेवलं. "ब... ड... ने... रा." मग हळूच, "बडनेरा." मग एवढ्या जोरात की झोपलेले जागे झाले, "बाबा, मले कोणी सांगितलं नाही! मी वाचलं!" कंडक्टरला वाटलं कोणाला उतरायचंय, त्यानं घंटी मारली. गाडी थांबली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी. शेवटी मी हातानंच 'चला' अशी खूण केली.

तुमचा (अजून तरी) भाचा,
किशोर

ता. क. माफी झाली, आता काम. मॅडम म्हणतात, रोज संध्याकाळी तिचं वाचन ऐकायला कोणी तरी बसलं पाहिजे, मध्ये न ओरडता. मी दुकानात, प्राजक्ता ड्यूटीवर, आणि आई दुसऱ्या ओळीला घोरते. मामी गेल्यापासून तुम्ही तिकडं भिंतींशीच बोलता. महिनाभर इकडं या.

ता. क. दुसरा. महिना हे आईनं सांगितलं. प्राजक्ता म्हणते आठ दिवस. आरती म्हणते कायमचे. तुम्ही आरतीचं ऐका, घरात सध्या तिचंच चालते.