फक्त पुढची रांग

४ मार्च
रिकामं रॅक भरलेलं दाखवलं तर ते खोटं बोलणं होतं का? तोंडातून तर एक शब्द गेला नाही. मला सांगता येत नाही.

मॅनेजरांनी सांगितलं म्हणून आज साबण, शाम्पू, बिस्किटांचे पुडे — सगळं रॅकच्या कडेला ओढून घेतलं. एकच रांग. मागे रिकामी खोकी. समोरून पाहिलं तर दुकान ओसंडून वाहतंय! मालाची गाडी तीन आठवडे आलेली नाही. मॅनेजर म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं काम वेगळंच दिसतं." मी खूश झाले. खरंच झाले.

५ मार्च
एका आजोबांनी पुडा उचलला, तर मागे खोकं! "काय हो, नाटकाचा पडदा लावलाय की काय?" आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. मीही.

लहानपणी आई इथे घेऊन यायची. वस्तू आपल्या हाताने उचलायची, कुणी हटकणार नाही, कुणाची मिनतवारी नाही — केवढं अप्रूप होतं! असं दुकान बुडत नाही. माल येईल.

८ मार्च
गल्ल्यावरच्या काकूंना इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानात जागा चालून आलीय. अकरा वर्षं याच खुर्चीवर आहेत. बिलाचं मशीन मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक अंगावर ओरडलं, मी रडले, तेव्हा स्वतःचा डबा पुढे सरकवला होता.

जेवताना म्हणाल्या, "सोडू का गं हे? तू पदवीवाली, तुला जास्त कळतं." मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मान वळवून पाहिलं. "पण माल तर आलेला दिसतोय. कसं भरभरून!"

गाडी पहाटे मागच्या दाराने येते. गल्ल्यावर बसणाऱ्याला फक्त रॅकची तोंडं दिसतात.

"दिसतोय खरा," म्हटलं. झालं. एवढंच.

१२ मार्च
मुख्य ऑफिसचं पत्र आलं. एकतीस तारखेला बावीसच्या बावीस शाखा बंद!

मॅनेजर म्हणाले, "कुणाजवळ बोलू नकोस. आज कळलं तर उद्या झाडू मारायलाही माणूस उरणार नाही." तुम्हाला कधीपासून माहीत होतं, विचारलं. "अगं, जानेवारीपासून कुणकुण होतीच."

आणि मी खोकी लावत बसले होते! त्यांनी दोन चहा सांगितले. मी प्यायले नाही. तेवढाच माझा निषेध.

१३ मार्च
काकूंना गोदामात नेऊन सांगितलं. पत्र, रॅक, खोकी, सगळं. खोक्यावर बसूनच राहिल्या.

"मी नऊ तारखेलाच त्या औषधवाल्या मालकांना 'नाही' म्हणून कळवलं गं."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. वर मलाच म्हणतात, "तुझा काय दोष पोरी, तू सांगितलं ते केलंस." घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मी म्हटलं, त्या मालकांना मी भेटते, चूक माझी होती असं सांगते. "जा बाई. तुझ्यासारखं बोलायला मला कुठे जमतं!"

१४ मार्च
घरी सांगितलं. बाबा पाठ धरून भिंतीला टेकले होते. हमाली सुटून दोन वर्षं झाली. "सगळ्या नातेवाइकांत सांगून बसलोय, पोरगी मॅनेजर होणार म्हणून." आई म्हणाली, "आता पोरीला खाऊ नका." जेवणं आटोपली.

१६ मार्च
औषधाच्या दुकानात गेले. जागा अजून रिकामीच! काकूंचं सगळं सांगितलं — अकरा वर्षं, एकदाही हिशेब चुकला नाही, एकदाही उशीर नाही. चूक माझी, असंही सांगितलं. मालक शांतपणे चष्मा पुसत होते.

"एकदा नाही म्हटलेल्याला मी पुन्हा विचारत नाही. पण तुम्ही दुसऱ्यासाठी एवढं भांडताय, मला असंच माणूस हवंय. काय शिकलात?"

मी सांगितलं. लगेच सांगितलं.

संध्याकाळी काकूंचे दोन फोन येऊन गेले.

१७ मार्च
"भेटले का गं मालक?"
"बाहेरगावी गेलेत, काकू."
त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती धावाधाव करतेस माझ्यासाठी!"

१८ मार्च
सकाळी नऊला औषधाच्या दुकानात रुजू झाले. काकूंना कळेलच कुणाकडून तरी.