मागचे पाय कोण धरणार

प्रिय आई,

टेक्ससहून ऑरिनचा नमस्कार. मी बरा आहे, पोटभर जेवतोय. तुझा गुडघा काय म्हणतो?

शनिवारी गिरणीतली माणसं मला रानडुकराच्या शिकारीला नेतायत. माझी पहिलीच वेळ. यंत्राला संरक्षक जाळी नाही हे मी सरकारी तपासनिसाला सांगितलं, तेव्हापासून माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. त्यापायी माझ्याच पाळीतल्या रॉइसची बढती गेली, आणि आता तोच मला आग्रहाने बार्बेक्यू वाढतो! कुठेतरी पाणी मुरतंय.

म्हटलं, माझ्याकडे बंदूक नाही. तर रॉइस म्हणतो, "बंदूक कशाला? कुत्री डुकराचे कान धरतील, तू मागचे पाय धर. सुरा मी चालवतो." सगळे खो खो हसले.

गिरणीतल्या म्हाताऱ्या हॉलिसकाकांना बाजूला घेऊन विचारलं, "माझा काटा काढायचाय का हो यांना?"

"अरे वेड्या, पाय सुटले तर डुक्कर सुरा धरणाऱ्यावरच उलटतं. रॉइसने ते काम आजवर फक्त सख्ख्या भावाला दिलंय."

बाबांना यातलं काही सांगू नकोस, उगाच काळजी करत बसतील.

रॉइसवर माझा अजूनही विश्वास नाही. पण पाय मात्र सोडणार नाही.

तुझाच,
ऑरिन