टोपीतल्या चार चिठ्ठ्या

मंगळवार, ४ जून

डॅरिलनं आज वॉरिकचा जबडा मोडला. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, सकाळच्या चहाच्या वेळी. मी केकचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. कडकन आवाज आला आणि दोन दात लाकडी जमिनीवर पडले. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? — आज त्याचा हात दुखेल, म्हणजे घरी मार नाही! अशी झालेय मी. स्वतःच्या नवऱ्याची सुजलेली बोटं बघून सुटकेचा निःश्वास टाकणारी.

भांडण ओल्या मेंढ्यांवरून. पहाटे पाऊस पडून गेला होता, म्हणून कातरणाऱ्यांनी नेहमीसारखं मत घेतलं. ज्याला वाटतं लोकर ओली आहे त्यानं चिठ्ठीवर ‘ओल्या’ लिहायचं, नाहीतर ‘कोरड्या’, आणि टोपीत टाकायचं. ओली मेंढी दिवसभर मांडीत धरली की अंगाला फोड येतात, सांधे धरतात, म्हणून ही पद्धत. नियम एकच. कुणी काय लिहिलं हे विचारायचं नाही, आणि कळलं तरी बोलायचं नाही. वॉरिक नवा. त्यानं चिठ्ठी उलगडली आणि ओरडला, “अरे, हे तर डॅरिलचं अक्षर! एवढा मोठा बाप्या आणि पाण्याला भितो!”

झालं. पोलीस आला, माझा चहा प्यायला, माझा केक खाल्ला आणि गेला. आमच्या गिजी क्रीक गावाला पोलीस एकच, आणि रविवारी तो डॅरिलबरोबर मासे धरायला जातो.

शुक्रवार, ७ जून

ट्रूडीचा फोन. तिच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जागा निघालीय. एक जुलैपासून बाई हवी. तिच्या घरामागच्या दोन खोल्याही रिकाम्या.

“ये गं टूवूम्बाला. तुझ्या लेकीला शाळा पायी पाच मिनिटांवर.”

“विचार करते,” मी म्हटलं.

“नोएला, तू सहा वर्षं विचारच करतेयस. तुझ्या थडग्यावर तेच कोरून घेते — ‘विचार करतेय’!”

बहीण आहे की वैरीण! हसले, आणि बरगडी दुखली.

टूवूम्बा काही ब्रिस्बेन नाही. पण भाजीच्या दुकानात चारजण माझा डोळा बघून मान फिरवणार नाहीत, एवढं तरी मोठं आहे. तिथले पोलीस माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारत नसतील. बास, मला तेवढंच शहर हवं.

पण जाऊन करू काय? आयुष्यभर शेडवर पंधरा माणसांचा स्वयंपाक केला. म्हाताऱ्यांना मऊ गाजरं उकडून घालायला जमेल का मला? आणि डॅरिल मागोमाग आला तर?

रविवार, ९ जून

शेडच्या स्वयंपाकासाठी सकाळी मेंढा कापला. दर रविवारी मीच कापते. गुडघ्यात धरायचा, मान मागे, सुरी एकदाच. डॅरिल कुंपणावर बसून बघत होता.

“हात चांगलाय तुझा.”

“लक्षात ठेव,” मी म्हटलं.

तो हसला. मी थट्टा करत नव्हते.

मग जेवताना सांगितलंच. टूवूम्बा, नोकरी, दोन खोल्या. वाटलं, सगळ्यांसमोर आवरेल स्वतःला. मूर्ख आहे मी!

“शहरात मी काय करू? दुकानात डबे रचू? तुझ्या बहिणीच्या गुलाबांना पाणी घालू?” रोस्टचं गरम भांडं भिंतीवर. मग माझे केस त्याच्या मुठीत, आणि डोकं फ्रिजच्या दारावर. दोनदा. तिसऱ्यांदा माझी लेक ब्रिओनी मध्ये पडली म्हणून वाचले.

आणि मर्व — डॅरिलचा बाप, माझा सासरा, आमच्याकडेच राहतो. पन्नास वर्षं मेंढ्या कातरून पाठीचं पार धनुष्य झालंय. तो समोर बसून ताटातले वाटाणे काट्यानं एकेक टोचत होता. पोराच्या मुठीपेक्षा मला त्या वाटाण्यांचा राग येतो. देवा, वाटाणे!

सोमवार, १० जून

डावा डोळा बंद. शेडवर सांगितलं, दार लागलं. कुणी पुढे विचारलं नाही. न विचारण्याचा नियम इथं काही चिठ्ठ्यांपुरताच नाही.

गुरुवार, १३ जून

त्यानं टारला मारलं. ब्रिओनीचा कुत्रा. डॅरिलनं माझ्यावर हात उगारला तसा टार त्याच्या मनगटाला लोंबकळला. डॅरिलनं ओरडासुद्धा केला नाही. आत गेला, बंदूक आणली, अंगणात दुपारच्या उन्हात गोळी घातली. पहिली नीट लागली नाही. दुसरी घालावी लागली.

ब्रिओनीनं एकटीनं खड्डा खणला. मला हात लावू दिला नाही. माती ओढून झाल्यावर कुदळ घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आई, आता नंबर तुझा की माझा?”

सोळा वर्षांची आहे. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली स्वतःच्या.

शनिवार, १५ जून

आज म्हातारा बोलला! नाश्त्याला. सहा महिन्यांत प्रथमच पूर्ण वाक्य.

“टोपीत टाका,” म्हणाला. “जायचं की राहायचं. शेडचा नियम. चौघांची चार मतं.”

डॅरिल इतका हसला की चहा नाकातून आला. “बरोबरी झाली तर राहायचं. चालेल? म्हातारा माझा, मी माझा. टाका की मग! उद्या सकाळी.”

हरलेला डाव आहे. तरी मला घाम का फुटलाय?

रविवार, १६ जून

डाव्या हातानं गाल धरून उजव्यानं लिहितेय. गालावर सात टाके आहेत, नर्सबाईंनी घातले. हसायला मनाई आहे. जशी काही मी हसतच होते!

क्रमानं लिहिते. मर्वनं आपली जुनी टोपी टेबलावर उलटी ठेवली. पेन्सिल एकच होती. एकेकानं मागच्या पडवीत जाऊन लिहून आणायचं. डॅरिल पहिला गेला, शीळ घालत. मग ब्रिओनी, मग म्हातारा. शेवटी मी. मी काय लिहिलं ते इथंही लिहिणार नाही. नियम म्हणजे नियम.

मर्वनं वाचलं, शेडमध्ये वाचतात तसं, मान वर न करता.

“जायचं.”

“जायचं.”

“राहायचं.”

चौथी उलगडायला त्याच्या वाकड्या बोटांना वेळ लागला.

“जायचं.”

डॅरिलनं टोपी हिसकावली, चिठ्ठ्या मुठीत चुरगाळल्या आणि चुलीत कोंबल्या. मला वाटलं, आता म्हाताऱ्याचा जीव घेणार. मी खुर्ची उचलली. ब्रिओनीनं चुलीजवळची सळई उचलली. पण त्यानं मूठ खिडकीत घातली. काच फुटली, हात कोपरापर्यंत रक्तानं भरला. मग माझी ताटं! एकेक काढून भिंतीवर. अठ्ठावीस वर्षं जमवलेली, एकही सोडलं नाही. मी धरायला गेले तर मला एक ठेवून दिली. काच त्याच्या हातात तशीच रुतलेली होती.

खाली बसले आणि वाट बघत राहिले — आता विचारेल, कुणी लिहिलं? विचारलं नाही. एकदाही नाही. “तुम्ही तिघं पुढे व्हा. शेडचं काम उरकलं की बघू,” एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

मंगळवार, १८ जून

तो सामान भरतोय. स्वतः! हाताला बँडेज बांधून माझी शिवणाची मशीन पिकअपमध्ये चढवली, खाली गोधडी घातली.

माझा विश्वास नाही. ब्रिओनीला गाडीखाली झोपवून ब्रेक तपासायला लावले. ठीक आहेत. मेंढा कापायची सुरी मी बुटात घातलीय. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत काढणार नाही. मागून गोळी आली तर आधी मलाच लागावी म्हणून ब्रिओनीला मध्ये बसवणार आहे.

बुधवार, १९ जून

सुटलो! फाटक त्यानंच उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी शंभर मैल आरशातून मागे बघत होते, धुळीशिवाय काही दिसलं नाही.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मर्वनं तोंड उघडलं. “पोरी, मी ‘जायचं’ लिहिलं. पन्नास वर्षांत टोपीत काय टाकलं ते कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय. फार उशीर केला मी. वीस वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.”

हा वाटाणेवाला म्हातारा! मला रडूही येईना, शिवीही देता येईना. मी म्हटलं, “तुम्हाला पाई हवीय का, की सँडविच?” त्याला पाई हवी होती, मांसाची.

ब्रिओनी नाचायची बाकी राहिली. “माझंही ‘जायचं’! म्हणजे आजोबा, मी आणि आई — तीन! बाबांना हरवलं आपण!” तिनं माझी पाठ थोपटली. मी किल्ली फिरवली आणि रस्त्याकडे बघत राहिले.

सोमवार, १ जुलै, टूवूम्बा

कामाचा पहिला दिवस. गाजरं मऊ झाली.

आता लिहितेच, नियम गेला खड्ड्यात. ‘राहायचं’ ही चिठ्ठी माझी होती. डॅरिल अक्षर ओळखेल या भीतीनं ‘जायचं’ लिहायला पेन्सिल पुढे सरकेना, तेव्हा तेच लिहिलं. म्हणजे तिसरं ‘जायचं’ डॅरिलचं, शेडमधल्या ‘ओल्या’सारखंच गुपचूप लिहिलेलं. त्या घरात राहू म्हणणारी एकटी मीच होते.