बारकी कॉपी

सोमवार, २४ नोव्हेंबर

तर सगळ्यात आधी आली ती शेजारची प्रमिलाबाई. मी तळोद्याहून येऊन रिक्षातून उतरते न उतरते तोच पापडाचं ताट घेऊन हजर, वर तळोद्याकडच्या बायकांना पापड जमतच नाहीत असा टोमणाही मारून मोकळी. मला लगेच आवडली. मग माझा लेक उमाकांत आला. नात यामिनी तर अनवाणीच धावली. रविवारी हळद आहे तिची! सून गेल्यापासून घरात मोठी बाई नाही, म्हणून आता मी नंदुरबारलाच राहणार. मिरच्या वाळतायत म्हणून सारख्या शिंका येतात, तरी मला हसूच येतं. मी दुसरी शिकलेली. ही वही यामिनीनेच दिली, म्हणाली, आजी, बोलतेस तसंच लिही.

मंगळवार, २५

उमाकांतचा धंदा म्हणजे लग्नाचे, कानबाई देवीच्या गाण्यांचे व्हिडिओ लोकांना मोबाईलवर दाखवायचे. एका व्हिडिओच्या तीन कॉप्या लागतात. सुरतेच्या दणकट नेटला मोठी, गावांना मधली, मोलगीकडच्या डोंगरात बारकी. आधी कॉम्प्युटर रात्रभर कण्हायचा म्हणे. आज सुरतेहून कंपनीचे दोघे आले, नवं कार्ड बसवलं, आता चहा होईतो तिन्ही तयार. यामिनीने समजावलं, जे हलत नाही ते मशीन पुन्हा काढत नाही, मागच्या चित्रातलंच पुढे चालवतं, म्हणून एवढा वेग. तपासायला आम्हा बायकांना गायला बसवलं. आमच्या पिढीला कॅमेरा दिसला की फोटोच आठवतो. प्रमिलाबाई अशी ताठ बसली की तोंडही उघडेना. मी हसून हसून बेजार.

बुधवार, २६

माझ्या मोबाईलवर बारकी कॉपी पाहिली. प्रमिलाबाईच्या जागी भिंत. उमाकांत म्हणाला, माय, तुले काय समजस? बारकीमा थोडं गाळाई जास. थोडं म्हणजे अख्खी बाई का रे, मुडद्या? मधली न् मोठीही लावून पाहिली, त्यांतही भिंतच.

तिला सांगायला गेले तर दाराशी तिचा नवरा दिलवरसिंग. काकी, मी तर एकटाच राहतो, कोण प्रमिलाबाई, असं विचारतो! गच्चीवर तिचे पापड वाळत होते. उमाकांतलाही ती आठवेना. स्क्रीनवर नाही ते त्याच्या लेखी नाहीच. फक्त यामिनीला आठवत होती, ती माझा हात धरून रडली.

शुक्रवार, २८

हळदीचा व्हिडिओ नको म्हणून मी जेवण सोडलं. उमाकांत म्हणतो, सुरतेच्या पाहुण्यांना शब्द दिलाय. यामिनीलाही बापाचा शब्द मोडवेना. कंपनीच्या दोघांनी फोनवर दात काढले, आजीचा चष्मा बदला म्हणाले. तुमच्या मायला नाही का रे डोळे? अंगाची आग होतेय नुसती.

रविवार, ३०

यामिनी पाटावर. मान खाली. बायका तिला दटावत होत्या, बठी ऱ्हाय पोरी, हालू नको. नवरीनं हलायचं नसतं! मांडवात मोठ्या टीव्हीवर तिन्ही कॉप्या शेजारी शेजारी. बारकीत ती पुसट झाली. मी ओरडले, हाल पोरी, हाल! ती लाजून जरा हसली, पुन्हा मान खाली घालून तशीच बसली. बारकीतून गेली. मग मधलीतून. मी वायर ओढायला धावले तर माझ्याच लेकाने मला धरून ठेवलं. मग मोठीतून—

पाटावर ओली हळद. बायका थबकल्या, हात पुसले, विचारू लागल्या, आज जेवण कशाचं आहे.

सोमवार, १ डिसेंबर

उमाकांत म्हणतो, कोन यामिनी? अरे, पोटची पोर तुझी! थोबाडीत मारली मी त्याला. तो रडला नाही, चिडला नाही. माय म्हातारी झाली म्हणाला.

मुसळ घेऊन मशीन फोडायला गेले. पण तिथे मूळ व्हिडिओ चालू होता, कॅमेऱ्याने पहिल्यांदा घेतला तो. त्यात ती आहे. आता हलते आहे. माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवते—

मुसळ खाली ठेवलं. कसं फोडू?

मंगळवार, २

मूळ व्हिडिओ जागा खातो म्हणे. कंपनीवाले येऊन पुसणार, याहून मोठं कार्ड बसवणार. मेल्यांनो, माझी पोर आहे ती! उमाकांतने माझ्यासमोर कॅमेरा चालू करून ठेवलाय, माय, गाणं म्हण, मन रमेल. मी नाही गाणार. या खोलीच्या दारातून उठणार पण नाही. मुसळ मांडीवर आहे. लिहिता हात तेवढा हलता ठेवते, बोटं आखडली तरी— गुरुवारी येतो म्हणालेत ते दोघे. या म्हणावं गुरुवारी, मी इथेच ब