एकदाच विचारणारी अमेरिका

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. १२ ऑगस्ट १९५६

राजमान्य राजेश्री मेव्हणे हंबीरराव यांस शाहूपुरीहून गणपतरावांचा रामराम. इकडे आम्ही दोघेही सुखरूप आहोत. तुमच्या अक्कांचा गुडघा दर पावसाळ्यात कुरकुरतो तसा यंदाही कुरकुरतो आहे, आणि माझी तब्येत माझ्या वयाला शोभेल अशी आहे. तिकडची खुशाली कृष्णामाई किती चढली यावर असते हे ठाऊक आहे, तरी पाणी उसात शिरले की बांधावरूनच माघारी फिरले ते कळवावे. मातोश्रींना आमचा दंडवत सांगावा.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात बाजाराला आला होता तेव्हा तुम्ही सांगितलेत की ट्रॅक्टर कंपनी ऊसबागायतदारांची जी तुकडी अमेरिका दाखवायला नेणार आहे तीत तुमचे नाव लागले, आणि इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची एक जागा अजून रिकामी आहे. 'दाजी, तुम्हीच चला की,' असे तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, 'छे छे, या वयात आम्हाला काय करायची अमेरिका?' त्यावर तुम्ही 'बरं' म्हणालात, बशीतला चहा संपवलात आणि 'मग कुठं काय बघायचं, काय खायचं, तेवढं तरी लिहून धाडा' असे सांगून मोटार गाठलीत. 'बरं' हा शब्द माणसाला इतक्या झटपट म्हणता येतो हे मला नवीन होते. असो. तुम्ही मागितलेत म्हणून लिहितो. माझ्या मनात दुसरे काही नाही.

तुम्हाला आठवत असेल, सहा वर्षांपूर्वी आमच्या इंजिनाच्या कारखान्याचे मालक अण्णा लोखंड कातायचे लेथ यंत्र घ्यायला अमेरिकेला निघाले, तेव्हा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून म्हणून मला त्यांनी बरोबर घेतले होते. अण्णांना इंग्रजीतले दोनच शब्द येत, येस आणि थँक्यू. माझे इंग्रजी तुम्ही जाणताच (कलेक्टर कचेरीतून आमच्या अर्जाची भाषा वाखाणणारे उत्तर आले होते, अर्ज नामंजूर झाला ती गोष्ट वेगळी). तर अशा आम्हा दोघांच्या दिमतीला लेथच्या कंपनीने हॅरिससाहेब नावाचा गृहस्थ दिला. माणूस सोन्यासारखा. एकूणच अमेरिकन मनुष्य हसतमुख, कामसू आणि पाहुण्याची बडदास्त ठेवणारा आहे. त्याच्यात खोट एकच, आणि तिच्यामुळे मी पुरता बुडालो. तुम्ही जे बोलता ते तो खरे मानतो.

न्यूयॉर्कात गेलात की प्रथम ती शंभरावर मजल्यांची इमारत बघा. आम्ही तिच्या दाराशी पोचलो तेव्हा हॅरिससाहेबाने मला विचारले, वर जायचे का? मी म्हटले, नको, तुम्हाला उगाच त्रास. (याचा अर्थ 'चला' असा होतो हे तुमच्या शिरोळच्या शेंबड्या पोरालाही कळेल.) साहेबाने मान डोलावली, मला रस्त्याकडेच्या बाकावर बसवले, हातात वर्तमानपत्र दिले आणि अण्णांकडे वळला. अण्णा येस म्हणाले. दोघे लिफ्टमध्ये शिरले आणि मी पेपरातल्या जाहिराती वाचत बसलो. बऱ्याच वेळाने अण्णा खाली आले ते टोपी हातात घेऊनच. 'गणपतराव, ढगात गेलतो की हो! खालची माणसं मुंग्यांगत दिसत हुती!' त्या मुंग्यांतली एक मी होतो. तेव्हा वरून काय काय दिसते ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. बाक मात्र चांगला आहे, पाठीला टेकायला जागा आहे.

त्याच गावी पाण्यात एक भलीमोठी बाई हातात मशाल घेऊन उभी केलेली आहे. तिच्यापर्यंत बोट जाते आणि आत शिरून वर चढताही येते. ती अवश्य बघा. मला बोटीचे विचारले तेव्हा मी 'पुन्हा कधीतरी' म्हणालो. आपल्याकडे असे म्हणणाऱ्याला दंडाला धरून ओढत नेतात. तिथे त्यांनी माझ्याकडे अण्णांचा कोट सांभाळायला दिला. धक्क्यावरून ती बाई तुरीच्या शेंगेएवढी दिसते. (शिकागोत समुद्रासारखे एक तळे आहे आणि हत्तीहून कितीतरी मोठ्या, जुन्या काळच्या जनावरांच्या हाडांचे संग्रहालय आहे, असेही अण्णांकडून कळले. त्या दिवशी 'मला काय, मी बसेन खोलीवर' असे मी सहज म्हणून गेलो होतो.)

आता जेवणाचे. आपण मटण खाणारी माणसे असलो तरी तिथे बशीत कोणते जनावर आले आहे ते आधी विचारून घ्यावे, यात लाजू नये. आणि कुणाच्या घरी जेवायला बोलावलेच तर फार जपून राहा. हॅरिससाहेबाच्या बाईंनी आमच्यासाठी अख्खी कोंबडी भाजली होती. वास दारापर्यंत आला होता. तिथे वाढपी नसतो. भांडी हातोहात फिरतात, आपले आपण वाढून घेऊन पुढच्याच्या हातात द्यायचे. मी पाहुणा माणूस, आपण होऊन डाव कसा उचलू? आलेले प्रत्येक भांडे मी अदबीने पुढे सरकवत राहिलो. बटाटे गेले, मटार गेले, कोंबडीही गेली. बाईंचे लक्ष होते. त्यांनी काळजीने विचारले, थोडी कोंबडी घेता ना? मी रिकाम्या पोटावरून हात फिरवून म्हणालो, नको, भरून पावलो. बाई उठल्या आणि कोंबडी आत घेऊन गेल्या! हंबीरराव, आपल्याकडे ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून तांबडा रस्सा ओततात आणि आपण 'अहो पुरे, पुरे' म्हणत भाकरी कुस्करतो. याला जेवण म्हणतात. मी आत जाणाऱ्या त्या कोंबडीकडे दार मिटेपर्यंत बघत होतो. अण्णा मात्र प्रत्येक भांड्याला येस म्हणाले, आणि काही भांड्यांना दोनदा.

निघताना बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, आमचे जेवण तुम्हाला आवडले नाही का? कलेक्टर कचेरीने वाखाणलेले माझे सगळे इंग्रजी त्या क्षणी आटून गेले. माझा नको हा नको नव्हता, हे सांगायला त्या भाषेत वाक्यच सापडेना. बाईंचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. कोंबडीचे दुःख एकवेळ विसरलो असतो, पण बाईंना आपण उगाच दुखावले याचे वाईट वाटते.

मग मी पोटभर जेवलो कुठे म्हणाल, तर न्यूयॉर्कातच एका खाणावळीत, आणि तिथे तुम्ही जरूर जा. भिंतभर काचेच्या लहान लहान खिडक्या आहेत, प्रत्येकीत एकेक पदार्थ मांडलेला. फटीत नाणे टाकले की खिडकी उघडते. विचारणारे कुणीच नाही, त्यामुळे नको म्हणायची वेळच येत नाही. सफरचंदाचे सारण भरलेली गोड पोळी आणि घेवड्याची उसळ मी रोज तिथे खाल्ली. (उसळ अगदी आळणी असते, कांदा-लसणाची चटणी बरोबर ठेवा.) पोट भरायचे, नाही असे नाही. पण जेवायचे ते भिंतीकडे तोंड करून, एकट्याने. 'अजून थोडं घ्या की' असे एखादी खिडकी नुसती म्हणाली असती तरी मला गावची आठवण आली नसती.

परत आल्यापासून चार माणसे जमली की अण्णा अमेरिका सांगायला बसतात. ढग, मशालवाली बाई, जनावरांची हाडे सगळे येते, आणि मध्येच थांबून ते माझ्याकडे बघतात, 'खरं का न्हाई, गणपतराव?' मी मान डोलावतो. सहा वर्षे डोलावतो आहे. पुढच्या वर्षी मी नोकरीतून मोकळा होईन, मग मला कोण कुठे नेणार? एकदा त्या इमारतीच्या माथ्यावर उभे राहून खालचा तो बाक बघावा, एवढे मनात होते. असो. तुम्ही बघून या, आम्हाला त्यातच आनंद आहे.

आपला,
गणपतराव

ता. क. तुकडीची नावे अजून मुंबईला गेली नसल्याचे ऐकतो. ट्रंक आवरताना माझा पासपोर्ट सापडला, अजून चालू आहे. लोकरी कोटही सहज उन्हात टाकला होता, कसर लागलेली नाही. येत्या रविवारी जेवायला या, मटण आहे. जेवताना तो विषय पुन्हा काढा. मी नको म्हणेन. तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवून परत विचारा. मी वयाचे कारण सांगेन. त्यावर कृपा करून 'बरं' म्हणू नका.

पाकीट बंद करण्याआधी तुमच्या अक्कांना खाली चार ओळी घालायच्या आहेत, म्हणून कागद त्यांच्याकडे देतो.

हंबीर, तुझं दाजी चार दिस झालं ह्ये पत्र लिवत्यात. त्यांचं नाव घाल आणि मोकळा हो. नको म्हटलं तर ऐकू नको. मागल्या बारीला बोटीवर पोचवायला मुंबईला येतीस काय म्हणून मला त्यांनी इचारलं हुतं. मी म्हटलं, मी कशाला. बरं म्हणालं आणि गेलं. मी आजून समुद्र बघितला न्हाई. चटणी कुटून ठेवलीया, रविवारी घिऊन जा. तानाबाई.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर आत्ता वाचला. सहा वर्षांत हे त्या एकदाही बोलल्या नव्हत्या, आणि मी बरं म्हणालो होतो हे तर माझ्या ध्यानातही नाही. अमेरिकेचे तुमचे तुम्ही ठरवा. पण तुम्ही निघाल त्या दिवशी मुंबईच्या गाडीत तुमच्या अक्कांची जागा धरून ठेवा, मी त्यांना घेऊन येतो. आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन विचारून आलो. 'मी कशाला?' म्हणाल्या. परत जाऊन विचारतो.