फुप्फुसातलं पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

कॅन्सरच. बाबांच्या फुप्फुसाचा, चौथी स्टेज, हाडांपर्यंत गेलेला. लिहून बघितलं. अक्षर तेवढं नीट आलं.

डॉक्टरीणबाई भराभर कठीण शब्द बोलत होत्या. बाबा शेजारच्याच खुर्चीत, पण बघत होते माझ्या तोंडाकडे. घरात शिकलेली मी एकटी. विजेच्या बिलापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं मीच वाचून सांगते.

"काय गं मास्तरीण, काय म्हणतात बाई?"

मी म्हणाले, "फुप्फुसात पाणी झालंय."

खोटं नाही. पाणी आहेच. ते कशाने झालंय, तेवढं सांगितलं नाही.

मंगळवार

बाईंनी बजावलंय – "औषध घ्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. सोमवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." बरे होणार नाहीत, थोडा काळ मिळेल. किती, ते बाईही सांगत नाहीत.

रिपोर्टमधला एकेक शब्द शोधत बसले, परीक्षा असल्यासारखी. एकाचाही दुसरा, बरा अर्थ निघाला नाही.

बुधवार

मामाला फोनवर सांगितलं. "अजिबात तोंड उघडू नकोस. हाय खाईल माणूस." मग स्वतःच रडायला लागला. त्याची समजूत मलाच काढावी लागली!

गुरुवार

बाबा रोजच्यासारखे दुकानात. कटिंग झाली की गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे छोटा आरसा धरतात, मागची बाजू दिसावी म्हणून. टक्कल पडायला लागलेल्यांना मात्र दाखवत नाहीत. "पैसे देऊन वाईट बातमी कोण घेतं?" हे आठवलं आणि बरं वाटलं. जेवेपर्यंत टिकलं ते.

शुक्रवार

बाबा चक्कर येऊन पडले. दाढी करताना, हातात वस्तरा! गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडासुद्धा नाही – पडता पडता हात बाजूला नेला म्हणे.

दवाखान्यात सलाईन लावलं. नर्स म्हणाली, "अंगात पाणीच नाही यांच्या. पीत नाहीत का?"

आई म्हणाली, "कसं पिणार? आधीच फुप्फुसात झालंय, त्यात आणखी कशाला भर? मीच सकाळ-संध्याकाळ अर्धा पेला देते." केवढ्या अभिमानाने सांगत होती.

बाबा म्हणाले, "घसा कोरडा पडतो. पण मास्तरीण उगाच बोलणार नाही. उतरलं का गं पाणी?"

मी सांगताना पाण्यापाशीच थांबले आणि त्यांनी पाणी पिणंच सोडलं. आता सोमवारची वाट बघायची नाही.

शनिवार

सांगितलं. सकाळी, दुकान उघडायच्या आधी. बाबांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, मी मागे उभी राहिले. तोंडासमोर जमलं नसतं, पण समोरचा आरसा माझ्या लक्षातच आला नाही. त्यात ते माझ्याकडे बघतच होते. सगळं सांगितलं, स्टेजसकट. औषधाने केस जातात, हेही.

बराच वेळ खुर्चीच्या दांडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "जन्मभर लोकांचे काढले. माझे आता आपोआप निघणार." मी हसले नाही. तेही नाही.

"औषध घेतो. तुझ्या आईला मी सांगेन, माझ्या पद्धतीने. तू मध्ये बोलू नकोस."

आणि थोड्या वेळाने – "आता आधी पाणी दे. पोटभर."

रविवार

आईला सांगितलं त्यांनी. ती स्वयंपाकघरात गेली, धुतलेली भांडी पुन्हा घासत बसली. माझ्याशी बोलत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आमचा नंबर आला. फाईल घेऊन मी उठले. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तू बस आईजवळ." एकटेच आत गेले, दार लावून घेतलं.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काही नाही. ठीक आहे म्हणाल्या."