तळ्याखालचा हनमन

३० नोव्हेंबर, रविवार
मी हनमन झालो! तेजलची करणी. खेळ सुरू करायच्या आधी नायकाला नाव द्यावं लागतं, आणि त्या चौकटीत इंग्रजी सहाच अक्षरं बसतात. हनमंतातला 'त' बाहेर राहिला. खेळात एक वैदूबाई आहे, तिला हिचं, माझ्या बायकोचं, नाव दिलं – रतन. ती मात्र पुरी बसली. "बगा, मी आख्खी हाय," म्हणाली.

तेजल म्हणजे प्रदीपची मुलगी, आमची नात. पुण्यात नोकरी करते, सुट्टीला वलवणला येते. या खेपेला तिचं लहानपणचं खेळायचं यंत्र घेऊन आली नि आमच्या टीव्हीला जोडून दिलं. खेळ जपानी आहे, इंग्रजीत केलेला, तिच्या जन्माच्याही आधीचा. जपानी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. आम्ही त्याला 'तळं' म्हणतो.

"आबा, तुम्ही वाचायचं, आज्जीनं बटणं दाबायची," असं ठरवून देऊन गेली. बरोबर आहे. कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं, तेवढ्यावर इंग्रजी वाचता येतं. पण बोटं थरथरतात. हिला इंग्रजी येत नाही, पण पावटा सोलणारी बोटं ती – बटणांवर नुसती पळतात.

३ डिसेंबर, बुधवार
चौघे निघाले आहेत. हनमन, रतन, एक लबाड कोल्हा आणि एक म्हातारी नावाडीण. डोंगरातल्या तळ्याच्या तळाशी एक जुनं गाव आहे, त्याच्या शोधात. चित्रं ओबडधोबड, ठोकळ्या-ठोकळ्यांची. पण धुकं उतरतं तेव्हा हुबेहूब आपलं मावळ! वाजतं तेही गोड.

मी संवाद मराठीत करून चालीवर वाचतो. सवयच ती. सातवीला मास्तर सगळ्या कविता चालीवर म्हणून घ्यायचे – गणवेशाच्या बाहीला नाक पुसत आम्ही चाळीस पोरं एका सुरात! ही म्हणाली, "आवं, चालीवर काय वाचताय! तिकडं त्यो कोल्हा मरायला टेकलाय."

७ डिसेंबर, रविवार
थंडी आहे. दोघं एका घोंगडीत. आज गुहेतलं कासव मारलं. चहा दोनदा झाला.

१४ डिसेंबर, रविवार
आज हसून हसून पुरेवाट.

ही माझं नाव घेत नाही. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आता नायकाचं नाव पडलं हनमन, तेव्हा खेळातही ती त्याला 'ह्ये' म्हणते. ह्ये पुढं गेलं. ह्यांना तलवार घेऊ या. इतके दिवस माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दुपारी दलदलीत साप निघाला, हनमनला डसला, आणि ही ओरडली, "आवं बया, ह्यांना साप डसला! ह्यांचा जीव चाललाय, कुणीतरी पाला द्या गं!"

शेजारची सारिका भिंतीपलीकडे धुणं वाळत घालत होती. ती तशीच ओल्या हातांनी धावत आली. फोन कानाला, ॲम्ब्युलन्सवाल्याला पत्ता सांगतेय. बघते तर मी पलंगावर शेंगा खातोय!

"आबा, कुठं चावला?"

"दलदलीत," मी म्हणालो.

मग तिला समजावता समजावता माझी दमछाक. ती फोनवर म्हणतेय, "नको नको दादा, येऊ नका, टीव्हीतला साप आहे." जाताना हिला म्हणाली, "मावशी, सरळ नाव घ्या की हो! माझा जीव गेला असता." ही पदर तोंडाला लावून बसली. तोवर हनमन मेला. पुन्हा मागच्या पुलापासून चालत यावं लागलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
तेजलनं मला एका गटात घातलं आहे, मोबाईलवर. 'जुनी बटणं' असं नाव. जुने खेळ खेळणारी मराठी पोरं, तीस-चाळीस वयाची. माझ्या लेखी पोरंच. या खेळावर त्यांची मतं म्हणजे मतं! दुपारी हिला वाचून दाखवली.

एक म्हणतो, लढाया फार आणि गोष्ट थोडी. एक म्हणतो, दहावीला अभ्यास सोडून खेळलो, नापास झालो, तरी पस्तावलो नाही. एकीला नावाडीण आवडते. कान्हे गावचा सार्थक म्हणून आहे, तो लांबलचक लिहितो, विद्वान आहे. त्याचं मत असं की खेळ थोर, पण नायक अगदी मख्ख. सगळा खेळ संपतो तरी तोंडातून शब्द नाही. बाकीचे जिवाच्या आकांतानं बोलतात आणि हा नुसता उभा.

मला राग आला. नाव माझं आहे ना त्याला!

"बराबर लिवलंय पोरानं," ही म्हणाली. "मला तर ह्ये वळखीचंच वाटत्यात."

२४ डिसेंबर, बुधवार
तळाला पोचलो.

काय सांगू! हिरव्या उजेडात गाव जसंच्या तसं. चावडी, ओढा, पार. आणि एक शाळा – पायऱ्या तीन, वर कौलं. हात थांबला माझा, शेंग तशीच हातात. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी कारखान्याच्या नोकरीवर नवा होतो. भिंती पडताना बघायलाही गेलो नव्हतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शाळेचा ओटा वर येतो, तेवढा बघायला अजून जातो मी. त्या ओट्यावर मास्तर उभे राहत. तिथंच मी पहिली कविता पाठ केली, तिथंच कौलातून उन्हाची तिरीप पुस्तकावर पडायची...

तर खेळातल्या गावात एक दिवा आहे. त्याच्यापाशी कुणीतरी कायमचं बसलं तर गाव राहतं. बसायचं हनमननं. नाहीतर हनमननं घरी परतायचं – मग दिवा विझतो, आणि गाव पाण्यात विरघळून जातं. पडद्यावर दोन ओळी येतात. 'राहा.' 'परत ये.' हवी ती निवडायची.

मी वाचून दाखवलं, आणि म्हणालो, "राहा दाब."

हिनं बटणांचं ते मांडीवरून काढून पलंगावर ठेवलं. "मी न्हाई दाबायची. ह्यांना तितं पान्यात बसवून मी घरी यायचं?"

२५ डिसेंबर, गुरुवार
टीव्ही बंद. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, हॉर्नच हॉर्न.

२७ डिसेंबर, शनिवार
तेजल आली. आमचं भांडण ऐकून तिला फार मजा वाटली. "आबा, यावर गटात वर्षानुवर्षं भांडणं चालतात," म्हणाली. "आज्जी, सोपं आहे. आधी एक करून बघ, मग मागे येऊन दुसरं."

"येकदा माणूस सोडून आलं म्हंजे आलं," ही म्हणाली. "दोनदोनदा कसलं?"

मग मी गटात मत विचारलं. उत्तरांचा पाऊस! जवळपास सगळे माझ्या बाजूचे. राहणं हाच खरा शेवट, परतणं म्हणजे लहान मुलांची समजूत. सार्थकनं लिहिलं, परतीच्या शेवटाला चवच नाही, बिनमिठाचा भात. मीही मग सविस्तर मत लिहिलं. दुपारभर खपलो. लिहिलं, की मी पंच्याहत्तरीचा माणूस आहे, आमचं गाव खरोखरच पाण्याखाली आहे, आणि मला कुणी असा दिवा दिला असता तर मी बसलो असतो. शाळेतल्या कवितेत जो गोडवा असतो तो या शेवटात आहे, असंही लिहिलं. त्यावर सार्थक – "आबा, डोळ्यांत पाणी आणलंत. तुम्ही आमच्यातलेच!"

छाती फुगली. हिला वाचून दाखवलं.

ही लसूण सोलत होती. म्हणाली, "त्येंना इचारा, वर गेलेल्या बाईचं काय व्हतं?"

विचारलं. उत्तर आलं – "रतनचं ना? ती घरी जाते. अंगणात नुसतं फिरायचं असतं, काहीच घडत नाही. कंटाळवाणं आहे. बटण दाबून पुढे जा, आबा."

हिनं ऐकलं. लसणीची सालं सुपात गोळा केली आणि उठून गेली.

२८ डिसेंबर, रविवार
रात्री मनात आलं – मास्तर विचारायचे, 'कवीला काय म्हणायचं आहे?' आम्ही चाळीस जण एकच उत्तर लिहायचो, कारण मास्तरांनी तेच सांगितलेलं असायचं. गटातही तसंच तर नाही?

तेजल गेली. जाताना हिच्या कानात काहीतरी पुटपुटली. दोघी हसल्या. मला सांगितलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार
आज बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून.

"गाव गेलं त्याला पन्नास वर्सं झाली. माजं लगीन त्याच्या मागनं झालं. मी त्ये गाव बगितलं बी न्हाई. पर तुमी जेवताना तितं, चालताना तितं, पोरगं जल्मलं तवा बी तितंच. सारकं आपलं आमची शाळा, आमचं मास्तर. तुमी पान्याखाली, आन् मी वर कुनासंगं बोलायचं? भिताडासंगं?"

मी म्हणालो, "अगं, पण मी इथंच तर असतो."

"व्हय. उबं असता. त्या पोरानं लिवलंय तसं."

भाकरी टम्म फुगली होती. तिनं ती माझ्याच ताटात टाकली. एवढं बोलूनही पहिली माझ्याच ताटात.

२ जानेवारी, शुक्रवार
हरलो, आणि बरं वाटतंय. सकाळी फिरून येताना धरणाच्या कडेला थांबलो. पाणी शांत होतं. बगळे. आत काही दिसत नाही, खरं तर कधीच दिसत नव्हतं. घरी येऊन हिला म्हणालो, "तुझ्या मनासारखं कर. परत आण त्याला."

"बगू आयतवारी," म्हणाली. पण दुपारी गुळाची पोळी केली. सणवार काही नसताना!

गटात मात्र कळवलं नाही. सार्थकला काय वाटेल?

४ जानेवारी, रविवार
दुपारी जेवणं आटोपून बसलो. दोन ओळी आल्या. मी वाचल्या. ही बराच वेळ माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही.

"परत ये – वरून दुसरी," मी म्हणालो.

"तुमी तोंडानं म्हंताय परत. डोळं तितंच हायत."

आणि हिनं 'राहा' दाबलं! मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत झालंसुद्धा.

हनमन दिव्यापाशी बसला. काय तो उजेड! शाळेच्या पायऱ्यांवर, ओढ्यावर, सगळीकडे. नावाडीण वर बघत नाव वल्हवत गेली. गटातले म्हणतात ते खोटं नाही, देखणा शेवट आहे. माझे डोळे भरले. वाटलं, संपलं आता.

संपलं नव्हतं. पडदा उजळला आणि अंगणात रतन एकटी. वर कोपऱ्यात चौघांचे चेहरे असायचे. कोल्हा आणि नावाडीण आपापल्या वाटेनं गेलेले. हनमनच्या जागी रिकामी चौकट. पडद्यावर एक अक्षरही उमटलं नाही, तेव्हा मला काही कामच उरलं नाही.

मी म्हणालो, "कंटाळवाणं आहे म्हणतात. पुढे जाऊ या."

"थांबा वाईच."

हिनं रतनला विहिरीवर नेलं, पाणी काढलं. चूल पेटवली. कोंबड्यांना दाणे टाकले, एक चुकार होती ती शोधून आणली. दोन ताटं मांडली. मग एक उचलून ठेवलं. पुन्हा पाणी. पुन्हा चूल. खेळात दिवस मावळला, उगवला, ही आपली कामं करतेय. घाई नाही, रडणं नाही. एकदा फाटकापाशी नेऊन उभी केली, जरा थांबली, मग कडी लावून आत आणली.

"हनमन दाखवत नाहीत का मधूनमधून? तो कुठंय?" मी विचारलं.

"गप बसा," ही म्हणाली. "काम चाललंय."

तिन्हीसांजेपर्यंत तेच. मग स्वतःच टीव्ही बंद करून देवापाशी दिवा लावायला उठली.

५ जानेवारी, सोमवार
सकाळी चहाचा कप हातात देताना म्हणाली, "काल बगून घेतलं."

"काय?"

"तुमच्या मागं कसं ऱ्हायचं, त्ये. जमतंय मला. उगा जिवाला घोर लावून घेऊ नका."

मी 'बरं' म्हणालो. सकाळपासून तिच्या मागे मागे हिंडतोय – चुलीपाशी, धुण्यापाशी, परड्यात. आता ओरडलीच. "आवं, पायात काय येताय! सरका की तिकडं!"

सरकलो नाही.